फ्रीमाँट ते फ्रिस्को: ट्रक एका दिवसात गेला, कर टप्प्याटप्प्याने

कॅलिफोर्निया सोडून टेक्ससला जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत वर्षाला एक लाखाहून जास्त माणसं या एकाच वाटेने गेली. २०२०च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाची प्रतिनिधीगृहातली एक जागा कमी झाली, राज्याच्या इतिहासात पहिल्यांदाच. टेक्ससला दोन जास्तीच्या मिळाल्या. लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू, मग तो कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये उघडा की फ्रिस्कोसारख्या डॅलसच्या उपनगरात, हे २०२० नंतर कंपन्यांनीही मान्य केलं.

गोंधळ होतो तो एका गृहीतकाने. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, म्हणजे सामानाचा ट्रक निघाला की कॅलिफोर्नियाचा नऊ टक्क्यांचा कर सुटला, असं बहुतेक जण धरून चालतात. तसं होत नाही. घरात पैसे जेवढ्या वाटांनी येतात, तेवढ्या कर सुटण्याच्या तारखा असतात. काही पैसे ट्रकबरोबर सुटतात, काही दोन वर्षांनी, काही कधीच नाही.

पुढचं घर नमुन्याचं आहे. अशा घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते बांधलं आहे आणि आकडे गोल केले आहेत. नियम आणि दर मात्र २०२४-२५चे खरे आहेत.

घर कोणतं

नवरा एच-१बी या कामाच्या व्हिसावर, सॉफ्टवेअर इंजिनिअर. मूळ पगार २,१०,००० डॉलर, शिवाय वर्षाला साधारण ९०,००० डॉलरचे आरएसयू, म्हणजे टप्प्याटप्प्याने हातात येणारे कंपनीचे शेअर. ग्रीनकार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज (आय-१४०) मंजूर, वर्ग ईबी-२, रांगेतली तारीख म्हणजे प्रायॉरिटी डेट २०१९ची. बायको एच-४ ईएडीवर (जोडीदाराच्या व्हिसावरचा कामाचा परवाना), स्वतंत्रपणे डिझाइनची कामं घेते. निव्वळ उत्पन्न ७०,०००, त्यातले ५०,००० बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या, ग्राहकांकडून. मुलगा चौथीत. फ्रीमाँटचं टाउनहाउस २०१८मध्ये ९ लाख डॉलरला घेतलेलं, आज किंमत साडेबारा लाख. कोथरूडला नवऱ्याच्या नावावर एक फ्लॅट, विकायला काढलेला.

कॅलिफोर्नियात राहून या घराचा २०२४चा राज्य आयकर सुमारे २५,६०० डॉलर होतो. त्यावर राज्याचा अपंगत्व विमा, म्हणजे पगाराच्या पावतीवरचा एसडीआय. त्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०२४पासून उठली, त्यामुळे १.१ टक्का पूर्ण तीन लाखांवर, म्हणजे ३,३००. एकूण २८,९००. हा आकडा लक्षात ठेवावा, शेवटी लागेल.

कंपनीने दूरस्थ कामाला होकार दिला, पण डॅलस स्वस्त विभागात धरला जात असल्याने मूळ पगार ८ टक्के कापला. १६,८०० डॉलर गेले. अमेरिकेच्या केंद्राचा (फेडरल) कर वजा जाता हातातले १२,४०० कमी झाले. ही कपात कागदावर येण्याआधीच लोक घरं बघायला विमानात बसतात. आधी पत्र घ्यावं, त्यात कामाचं ठिकाण, नवा पगार आणि लागू होण्याची तारीख तिन्ही असावीत. हेच पत्र पुढे व्हिसाला लागतं आणि कर खात्यालाही.

आधी व्हिसा, मग खोकी

एच-१बी कामाच्या ठिकाणाला बांधलेला असतो. सिमेओ सोल्यूशन्स प्रकरणातल्या एप्रिल २०१५च्या निर्णयानंतर हे पक्कं झालं: कामाची जागा दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेली की सुधारित अर्ज लागतो, आणि तो नव्या जागी काम सुरू करण्याआधी दाखल व्हायला हवा. मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, दाखल झाला की पुरे. घरून काम असेल तर घरच कामाची जागा. ‘मी तर घरूनच करतो, कंपनीला काय फरक पडतो’ हे इथे चालत नाही.

म्हणून क्रम उलटा लागतो. श्रम खात्याकडच्या एलसीए या वेतन-अटींच्या अर्जात कामाचा पत्ता लिहावा लागतो, म्हणजे घर आधी हवं. या जोडप्याने फ्रिस्कोतल्या भाड्याच्या घराचा करार १५ मे २०२४पासून केला. महिनाभर भाडं आणि फ्रीमाँटचा हप्ता दोन्ही भरले, २,९०० डॉलर जास्तीचे गेले. एलसीएला कामाचे ७ दिवस, मग वकिलाची कागदपत्रं, मेअखेर आय-१२९, म्हणजे तो सुधारित अर्ज, दाखल. एलसीएची नोटीस कंपनीने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिली नसेल तर तो कागद घरातच दोन ठळक जागी १० दिवस लावावा लागतो. एक फ्रिजवर, एक आतल्या दाराला, आणि तारखेसकट फोटो वकिलाच्या फाइलीत. हसू येतं, पण तपासणी झाली तर हाच पुरावा. नव्या पत्त्यावर आल्यापासून १० दिवसांत घरातल्या प्रत्येकाचा पत्ताबदलाचा वेगळा एआर-११ भरायचा, मुलाचासुद्धा.

पगार कापताना कंपनीलाही भान ठेवावं लागतं. नवा पगार डॅलस भागातल्या त्या हुद्द्याच्या प्रचलित वेतनाच्या खाली जाता कामा नये, आणि त्याच कामावरच्या इतरांना ती देते त्याच्याही खाली नाही.

ग्रीनकार्डचं दुखणं वेगळं. पर्मचं, म्हणजे ग्रीनकार्डसाठी श्रम खात्याने दिलेलं, प्रमाणपत्र बे एरियातल्या नोकरीचं होतं. कायमचं काम टेक्ससमधून होणार असेल तर नवं पर्म आणि नवं आय-१४० लागतं. त्याला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. प्रायॉरिटी डेट २०१९ची तशीच राहते, आणि जुनं आय-१४० मंजूर असल्याने बायकोचं ईएडीही टिकतं. पण कंपनी नवं पर्म करणार का, कधी सुरू करणार, हे निघण्याआधी लेखी विचारून घ्यावं. नंतर विचारलं की उत्तर ‘पुढच्या तिमाहीत बघू’ असं येतं.

कोणत्या तारखेला सुटलो म्हणायचं

पहिला बेत असा होता: नवऱ्याने एप्रिलमध्ये पुढे जायचं, बायको आणि मुलगा शाळा संपली की जूनमध्ये. विमानाची तिकिटं काढायची तेवढी राहिली होती. हा बेत मोडला, आणि ते बरं झालं.

कॅलिफोर्निया आणि टेक्सस दोन्ही सामाईक मालमत्तेची राज्यं आहेत. नवरा टेक्ससवासी झाला तरी त्याचा पगार कायद्याने दोघांचा, अर्धा बायकोचा. बायको कॅलिफोर्नियाची रहिवासी असेपर्यंत तो अर्धा पगार कॅलिफोर्नियाच्या करात येतो. शिवाय बायको, मूल आणि मालकीचं घर मागे असताना नवरा ‘कायमचा’ गेला हे फ्रँचाइज टॅक्स बोर्डाला, म्हणजे तिथल्या राज्य कर खात्याला, पटवणं अवघड. दोन महिन्यांच्या कराच्या आशेने सगळी तारीखच वादात पडली असती. तिघं एकत्र निघाले, १५ जून २०२४ला. २०२४चं विवरणपत्र फॉर्म ५४०एनआरवर, त्या तारखेपर्यंत रहिवासी, पुढे अनिवासी.

निवास ठरतो माणूस कुठे रुजला आहे यावर. दिवस मोजणं हा त्याचा एक भाग. घर, कुटुंब, गाड्यांची नोंदणी, परवाना, बँका, डॉक्टर, मुलाची शाळा, कार्डाचे खर्च कुठे पडतात, असं सगळं एकत्र पाहिलं जातं. ५४६ दिवसांच्या ‘सेफ हार्बर’चं नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. तो नियम मुक्काम कॅलिफोर्नियातच ठेवून नोकरीच्या करारावर तात्पुरतं बाहेर गेलेल्यांसाठी आहे. वर्षाला ४५ दिवसांहून जास्त परत यायचं नाही ही अट त्यातलीच. कायमचं घर हलवणाऱ्याला त्याची गरज नाही.

फाइल मात्र त्या आठवड्यातच बांधावी: कंपनीचं पत्र, मूव्हर्सचं वजन आणि तारीख असलेलं बिल, फ्रीमाँटची वीज-पाणी जोडणी नावावरून काढल्याची पावती, फ्रिस्कोच्या शाळेतला प्रवेश, बालरोगतज्ज्ञाकडून मागवलेल्या नोंदी. विवरणपत्र भरल्यापासून साधारण चार वर्षं खातं मागे येऊ शकतं. विवरणपत्रच भरलं नाही तर मुदत नाही. ‘आता आपण तिथले नाही, मग कशाला भरायचं’ म्हणणाऱ्यांची फाइल कधीच बंद होत नाही ती यामुळे.

कोथरूडचा फ्लॅट: त्याच दिवशी सुटलेली एकच गोष्ट

कॅलिफोर्निया आपल्या रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर घेते, आणि भारतात भरलेल्या कराचं श्रेय देत नाही. केंद्राच्या विवरणपत्रात जे परदेशी कराचं क्रेडिट मिळतं, ते या राज्यात नाही. भारत-अमेरिका करारही राज्याला बांधत नाही. पुण्याचं भाडं, एनआरओ खात्याचं व्याज, फ्लॅट विकल्याचा नफा, सगळ्यावर दुसऱ्यांदा कर. पुष्कळ मराठी घरांना हे दहा-दहा वर्षं माहीत नसतं, कारण केंद्राचं क्रेडिट घेतलं की हिशेब संपला असं वाटतं.

फ्लॅटचा नफा ९०,००० डॉलर होणार होता. एप्रिलमध्येच गिऱ्हाईक तयार होतं. मेमध्ये फक्त टोकन घेतलं. साठेखत, ताबा आणि खरेदीखत असं काहीही १५ जूनच्या आधी होऊ दिलं नाही. खरेदीखत ८ जुलै २०२४ला नोंदलं गेलं. कॅलिफोर्नियाबाहेरची स्थावर मालमत्ता अनिवासी माणसाने विकली, तिथे त्या राज्याचा संबंध संपला. वाचलेला कर सुमारे ७,००० डॉलर. (९.३ टक्क्यांनी ८,४०० का नाहीत? अनिवासी काळातलं उत्पन्नही दर ठरवताना धरलं जातं आणि सरासरी दर लागतो. तो इथे ७.७ टक्क्यांच्या आसपास.)

घर सोडल्यावर तीन आठवड्यांत मोठी विक्री, ही गोष्ट कोणाच्याही डोळ्यात भरते. म्हणून टोकनच्या पावतीवर ‘ताबा आणि हक्क खरेदीखतानंतर’ हे शब्द होते. आणखी पंधरा दिवस लांबलं असतं तर भारताकडचा हिशेब बदलला असता: २३ जुलै २०२४च्या अर्थसंकल्पाने इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) काढून १२.५ टक्के दर आणला, आणि जुन्या पद्धतीचा पर्याय भारतातल्या निवासी व्यक्तींना ठेवला, भारताबाहेरच्या अनिवासींना नाही.

पगार, आरएसयू आणि ऑफिसच्या फेऱ्या

टेक्ससमध्ये बसून कॅलिफोर्नियाच्या कंपनीसाठी केलेल्या कामाचा पगार कॅलिफोर्नियाचा नाही. न्यूयॉर्क याबाबतीत वेगळं वागतं, सोयीसाठी बाहेर बसलेल्या नोकरदाराचा पगारही ते आपलाच धरतं. कॅलिफोर्नियात तसा नियम नाही. काम शरीराने जिथे केलं तिथला तो पगार. याचीच दुसरी बाजू अशी की मुख्यालयात जाऊन केलेला प्रत्येक दिवस कॅलिफोर्नियाचा. तिमाहीला एक बैठक, प्रत्येकी चार-पाच दिवस, असे वर्षाला १८ दिवस. वर्षाचे कामाचे दिवस २३५ धरले तर १,९३,२०० पगारातले १४,८०० डॉलर तिथले. दिवस कॅलेंडरमध्ये नोंदवावेत. बॅज कुठे स्वाइप झाला ते कंपनीकडे असतंच.

आरएसयूची गोष्ट लांबते. ग्रँट, म्हणजे शेअर देऊ केले ती तारीख, १५ फेब्रुवारी २०२२ची, चार वर्षांत तिमाहीने हातात येणारी, दर वेळी २२,५०० डॉलर. शेअर टेक्ससमध्ये असताना मिळाले तरी ते ग्रँटपासून व्हेस्टपर्यंतच्या, म्हणजे हातात येईपर्यंतच्या, कामाचं फळ मानलं जातं. १५ नोव्हेंबर २०२४चा व्हेस्ट घ्या. ग्रँटपासून तोवर कामाचे दिवस ६६०, त्यातले कॅलिफोर्नियात केलेले ५६०. २२,५०० गुणिले ५६० भागिले ६६०, म्हणजे १९,०९० डॉलर कॅलिफोर्नियाचे, घर सोडून पाच महिने झाल्यावर. प्रत्येक व्हेस्टला छेद वाढतो आणि हिस्सा उतरतो: फेब्रुवारी २०२५ला ७८ टक्के, नोव्हेंबर २०२५ला ६२, आणि शेवटच्या फेब्रुवारी २०२६च्या हप्त्यातही ५८. ऑफिसच्या फेऱ्यांचे दिवस अंशात मिळवले की थोडा आणखी. स्थलांतरानंतर मिळालेल्या ग्रँटला मात्र हा वारसा नाही. त्यामुळे नवी (रिफ्रेश) ग्रँट मार्चमध्ये मिळणार असेल आणि जाणं फेब्रुवारीत की एप्रिलमध्ये हे आपल्या हातात असेल, तर फेब्रुवारी.

इथे पेरोलची, म्हणजे कंपनीच्या पगार विभागाची, चूक जवळजवळ ठरलेली. पत्ता बदलला की प्रणाली कॅलिफोर्नियाची कपात सरसकट बंद करते. रहिवासी असताना आरएसयूवर १०.२३ टक्के कापले जायचे. ऑगस्ट आणि नोव्हेंबर २०२४च्या व्हेस्टवर शून्य कापले गेले. दोन्ही मिळून ४०,००० डॉलर कॅलिफोर्नियाचं उत्पन्न कपातीविना राहिलं, डब्ल्यू-२ या वर्षाच्या पगाराच्या दाखल्यात राज्याच्या रकान्यात ते आलंच नाही, आणि एप्रिलमध्ये ३,१०० डॉलर एकरकमी भरायची वेळ आली. उलट चूकही होते, पूर्ण वर्षाचा पगार कॅलिफोर्नियाचा दाखवला जातो. मग दुरुस्त डब्ल्यू-२ मागावा लागतो. तो फेब्रुवारीत मागितला तर मिळतो, एप्रिलमध्ये पेरोलवाले फोन घेत नाहीत.

२०२५साठी आगाऊ हप्ते स्वतः भरायचे ठरलं. कॅलिफोर्नियाचे हप्ते केंद्रासारखे चार समान नसतात: एप्रिलमध्ये ३० टक्के, जूनमध्ये ४०, सप्टेंबरमध्ये काही नाही, जानेवारीत ३०. केंद्राच्या सवयीने पाव-पाव भरणाऱ्याला जूनचा हप्ता कमी पडल्याचं व्याज लागतं.

तिचं काम: जे सुटलंच नाही

हीच बाजू लोकांना सर्वांत अन्यायाची वाटते, आणि ती थोडी आहेच. नवरा नोकरदार, त्याचा पगार जिथे बसून काम केलं तिथला. बायको स्वतंत्र व्यावसायिक, तिचं उत्पन्न जिथे ग्राहकाला सेवेचा लाभ मिळाला तिथलं. ॲरिझोनात बसून कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांसाठी लिहिणाऱ्या एका पटकथालेखकाच्या बिंडली प्रकरणात २०१९मध्ये हेच ठरलं. एका टेबलावर दोन लॅपटॉप, एकाचा कर सुटला, दुसऱ्याचा ५०,००० डॉलरवर तसाच चालू.

‘टेक्ससमध्ये एलएलसी (छोटी कंपनी) काढू’ हा सल्ला लगेच मिळतो. तो घेऊ नये. ज्या धंद्याच्या विक्रीतला २५ टक्क्यांहून जास्त भाग कॅलिफोर्नियातला, तो कॅलिफोर्नियात धंदा करतो असं मानलं जातं. मग एलएलसीचा वर्षाला किमान ८०० डॉलरचा कर वेगळा, आणि उत्पन्नावरचा कर आहे तिथेच. खरे मार्ग दोन. एखाद्या ग्राहकाने तिला नोकरदार म्हणून घ्यावं, किंवा ग्राहक हळूहळू डॅलस-ऑस्टिनकडचे व्हावेत. तिने दुसरा धरला. तोवर बिलांवर ग्राहकाचा पत्ता आणि काम कुठे वापरलं जाणार याची एक ओळ लिहायला सुरुवात केली, कारण एकाच कंपनीची अटलांटातली शाखा काम वापरत असेल तर तेवढा हिस्सा कॅलिफोर्नियाचा नाही.

फ्रीमाँटचं टाउनहाउस

विकलं नाही, ४,२०० डॉलरने भाड्याने दिलं. व्यवस्थापन एजन्सीकडे. मालक अनिवासी आणि वर्षाचं भाडं १,५०० डॉलरच्या वर, म्हणून एजन्सीला एकूण भाड्याच्या ७ टक्के कापून राज्याला भरावे लागतात: महिन्याला २९४ डॉलर. हे नफ्यावर कापले जात नाहीत, भाड्यावर कापले जातात, त्यामुळे घसारा आणि व्याज धरून नफा शून्य असला तरी पैसे अडकतात; ५४०एनआर भरून परत घ्यायचे. फॉर्म ५८८ भरून सूट मागता येते. छोट्या एजन्सींना हे ठाऊक नसतं, आणि दोन वर्षांनी जाग आली की मागची कपात मालकाच्या भाड्यातून एकदम वळती करतात. पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावं. घरमालकाची विमा पॉलिसी भाड्याच्या घराच्या पॉलिसीत बदलली नाही तर दावा नाकारला जाऊ शकतो, हेही त्याच आठवड्यातलं काम.

एक बारीक कागद जवळजवळ सगळ्यांकडून राहतो. कॅलिफोर्नियात स्वतः राहणाऱ्या मालकाला घराच्या करमूल्यात ७,००० डॉलरची सूट असते, वाचतात जेमतेम ७०-८० डॉलर. घर सोडल्यावर ती काउंटीला कळवून काढायची असते. नाही काढली तर दंड सोडाच, पण टेक्ससमध्ये होमस्टेड (राहत्या घरावरची करसूट) आणि कॅलिफोर्नियात ही सूट, म्हणजे दोन्ही राज्यांत ‘हेच माझं मुख्य घर’ असं सहीनिशी सांगितल्यासारखं. कर खात्याने पाहावा असा याहून स्वस्त पुरावा नाही.

विकायची मुदतही ठरलेली. विक्रीआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं स्वतः राहिलं असेल तर जोडप्याला ५ लाखांपर्यंतचा नफा केंद्र आणि कॅलिफोर्निया दोघांकडे माफ. १५ जून २०२४ला घर सोडलं, म्हणजे १५ जून २०२७च्या आत व्यवहार पुरा झाला पाहिजे. साडेतीन लाखांचा नफा त्यात बसतो. भाड्याच्या काळातला घसारा मात्र माफ होत नाही. इमारतीचे ४ लाख भागिले २७.५, वर्षाला १४,५०० म्हणजे तीन वर्षांचे ४३,६०० करपात्र. विक्रीच्या वेळी व्यवहाराचे पैसे मधे सांभाळणारी एस्क्रो कंपनी किमतीच्या ३⅓ टक्के, साडेबारा लाखांवर ४१,७०० डॉलर, राज्यासाठी कापून ठेवते. मुख्य घराची पात्रता फॉर्म ५९३वर आधी जाहीर केली तर ही कपात टळते.

टेक्ससचा पहिला महिना

गाडीची नोंदणी ३० दिवसांत, परवाना ९० दिवसांत, असं नियम सांगतो. कामाचा क्रम त्यानेच ठरतो: आधी टेक्ससचा गाडी विमा, मग तपासणी (या घराच्या कॉलिन काउंटीत धुराची चाचणीही, सुरक्षा तपासणी खासगी गाड्यांना २०२५पासून उठली, धुराची राहिली), मग काउंटीच्या कर कार्यालयात फॉर्म १३०-यू आणि प्रत्येक गाडीमागे ९० डॉलरचा नव्या रहिवाशाचा कर, आणि मग डीपीएसमध्ये, म्हणजे राज्याच्या परवाना खात्यात, परवाना. परवान्याच्या खिडकीवर गाडीच्या टेक्सस नोंदणीचा कागद मागतात, म्हणून उलट क्रमाने गेलेला माणूस हात हलवत परत येतो. अपॉइंटमेंट कधी कधी कित्येक आठवड्यांनंतरची मिळते. कॅलिफोर्नियात असतानाच घ्यावी. इलेक्ट्रिक गाडीला वर्षाला २०० डॉलर जास्तीचे.

परवान्याच्या अर्जात मतदार नोंदणीचा प्रश्न असतो. स्थलांतराच्या इंग्रजी याद्यांत ‘मतदार नोंदणी बदला’ हे रहिवासाचा पुरावा म्हणून पहिल्या पाचांत असतं. व्हिसावरच्या माणसाने तिथे ‘नाही’वरच खूण करायची, आणि खिडकीमागच्या बाईंनी स्क्रीनवर काय निवडलं तेही पाहायचं. नागरिक नसताना नोंदणी झाली तर ग्रीनकार्डच धोक्यात.

आरोग्यविमा ३० दिवसांत बदलायचा. कॅलिफोर्नियाची एचएमओ (ठरावीक डॉक्टरांपुरती) योजना टेक्ससमध्ये तातडीच्या उपचारापलीकडे कामाची नसते. नव्या योजनेत डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी खिशातून भरायची रक्कम, पुन्हा शून्यापासून. मुलाच्या दातांचं मोठं काम मेमध्ये उरकलं ते त्यासाठी. मराठी शाळेचं मात्र सोपं गेलं, बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या शाळा दोन्हीकडे आहेत.

नवं घर, आणि दुसऱ्या वर्षाचं बिल

मार्च २०२५मध्ये नवं बांधलेलं घर घेतलं, ६,४०,००० डॉलरला. या भागात मालमत्ता कराचा एकूण दर १.६ ते २.२ टक्के असतो, नव्या वसाहतीत पाणी-रस्त्यांसारख्या सोयींसाठी नेमलेल्या जिल्ह्यांचा (एमयूडी किंवा पीआयडी) बोजा वेगळा. या घराचा २.१, त्यातला शाळेचा १.१.

टेक्ससमध्ये मूल्यांकन १ जानेवारीच्या स्थितीचं असतं. त्या दिवशी घर अर्धं उभं होतं, मूल्य धरलं २,६०,०००. कर ५,४६०, आणि कर्जदात्याने एस्क्रोसाठी, म्हणजे हा कर भरायला हप्त्यातून बाजूला ठेवायचे, महिन्याला ४५५ धरले. २०२६मध्ये पूर्ण घर धरलं जाणार: १३,४४० मधून होमस्टेडची सूट वजा. शाळेच्या करापुरती ही सूट २०२३मध्ये १ लाख झाली आणि २०२५पासून १ लाख ४० हजार. त्याचे १,५४० वजा जाता ११,९००. म्हणजे महिन्याला ९९२, वर मागच्या तुटीचे ५३७. घराचा हप्ता एका फटक्यात हजारेक डॉलरने वर जातो, आणि लोक कर्जदात्याशी भांडतात. त्याची चूक नसते. खरेदीच्या दिवशीच पूर्ण किमतीवर एस्क्रो धरायला सांगावं, किंवा तेवढी रक्कम बाजूला टाकत जावी.

होमस्टेडच्या अर्जाला त्याच पत्त्याचा टेक्सस परवाना लागतो. भाड्याच्या घराचा पत्ता असलेला चालत नाही. मूल्यवाढीवरची १० टक्क्यांची मर्यादा सूट मिळाल्याच्या पुढच्या वर्षापासून लागू होते. नोटीस आली की मूल्यांकनाला हरकत साधारण १५ मेपर्यंत घ्यायची, घ्यायचीच. फ्रीमाँटला प्रॉप १३ या कायद्याने करमूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही, त्या सवयीने ही नोटीस न वाचता ड्रॉवरमध्ये जाते. विम्यात गारा आणि वाऱ्याचं डिडक्टिबल वेगळं असतं, विमा रकमेच्या १ ते २ टक्के. आणि जमीन चिकणमातीची. उन्हाळ्यात घराच्या कडेने पाझरणारा पाइप टाकून पायाला पाणी घालावं लागतं, नाहीतर माती आकसून भिंतीला भेगा जातात. हे कोणी पाहुणा ऐकतो तेव्हा त्याला थट्टा वाटते.

मग वाचलं किती

२०२५मध्ये कॅलिफोर्नियाचं उत्पन्न: आरएसयूचे ६२,६००, ऑफिसच्या फेऱ्यांचे १४,८००, तिच्या ग्राहकांचे ५०,०००, भाड्याचा नफा शून्य. एकूण १,२७,४००. सरासरी दर ७.२ टक्के धरून कर ९,००० च्या आसपास. २८,९०० मधून ९,००० गेले, पगारकपातीचे १२,४०० गेले, राहिले ७,५००. मालमत्ता कर, विमा, टोल यात अजून धरलेलेच नाहीत. निघताना जोडप्याच्या डोक्यात आकडा होता २९,०००.

२०२७मध्ये जुनी ग्रँट संपलेली असेल. फेऱ्या आणि तिचे ग्राहक तेवढेच राहिले तर त्याच दराने कॅलिफोर्नियाचा कर ४,७००, हातात ११,८००. तिचे ग्राहक बदलले तर पंधराच्या जवळ. नवऱ्याच्या आठवड्यातून एकदा येणाऱ्या ‘मुख्यालयात या’ मेलला किती वेळा हो म्हणायचं, यावर आणखी थोडं इकडेतिकडे. जून २०२७च्या आत फ्रीमाँटचं घर विकायचं आहे; भाडेकरूचा करार म्हणून मार्च २०२७ला संपेल असा केला आहे, रंगकाम आणि विक्रीला तीन महिने धरून.